ख्रिस्ती वाङ्मयांतील श्रवण

मराठींत ‘ऐकणें’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत, आणि ते दोन्ही आपण रोज वापरतों. पावसाचा आवाज आपण ऐकतों. आणि घरांतला मुलगा हट्टाला पेटला म्हणजे तो कोणाचें ऐकत नाहीं, अशी तक्रारही करतों. त्याच्या कानांत कांहीं दोष नसतो. आपलें बोलणें त्याला स्पष्ट ऐकूं आलेलें असतें. किंबहुना तें स्पष्ट ऐकूं आलें म्हणूनच तो पळून जातो. कानावर पडणें आणि मानणें या दोन क्रिया एकाच शब्दांत गोंवण्याची ही रीत केवळ आपल्या भाषेची नव्हे. ज्या हिब्रू भाषेंत बायबलाच्या जुन्या कराराचा बहुतेक भाग लिहिला गेला, तिच्यांतही ऐकण्याचें क्रियापद आज्ञापालनाचा अर्थ पोटांत घेऊनच वावरतें; आणि लॅटिन भाषेंतील आज्ञापालनाचा शब्द तर ऐकण्याच्या शब्दापासूनच निघाला आहे. देवाची वाणी ऐकावयास शिकणें हा ख्रिस्ती धर्मजीवनांतील एक मोठा विषय आहे. त्याचें मर्म, आणि त्यांतील धोकाही, या दोन अर्थांच्या सांध्यांत आहे.

श्रवणाचें माहात्म्य आपल्याकडेही थोडें नाहीं. समर्थांनीं दासबोधाच्या चौथ्या दशकांत नवविधा भक्तीचें निरूपण श्रवणापासूनच आरंभिलें आहे. परंतु तें श्रवण मुख्यतः हरिकथेचें व अध्यात्मनिरूपणाचें आहे. सांगणारा एक आणि ऐकणारे अनेक. ख्रिस्ती श्रवणांत प्रवचन आहे, ग्रंथवाचन आहे. पण त्याच्या पलीकडे आणखी एक अपेक्षा आहे. देव अमुक एका माणसाला त्याच्या नांवानें हांक मारून कांहीं सांगूं इच्छितो, आणि ती हांक ओळखण्यास त्या माणसानें शिकलें पाहिजे, अशी ती अपेक्षा होय. हा अनुभव आपल्या संतांस अपरिचित नव्हता. नामदेवांनीं पांडुरंगासह स्वप्नांत येऊन आपल्याला कवित्वाची आज्ञा केली, असें तुकोबांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे. तथापि या एका अनुभवाभोंवतीं, त्याची चिकित्सा करीत करीत, ख्रिस्ती जगांत जेवढें वाङ्मय वाढलें तेवढें दुसरीकडे क्वचितच आढळेल.

या विषयावरचीं पुस्तकें आजही उदंड निघतात. त्यांतील बऱ्याच नव्या पुस्तकांचा घाट ठरलेला असतो: इतक्या पायऱ्या, इतके दिवस, इतकीं मिनिटें मौन, आणि शेवटीं, नोकरी स्वीकारावी कीं नाहीं, घर कोठें घ्यावें, विवाह कोणाशीं करावा, या प्रश्नांचीं उत्तरें ऐकूं येऊं लागल्याचे दाखले. हीं उत्तरें बहुधा विचारणाऱ्याच्या मनाजोगतीं असतात. हीं पुस्तकें लोकांस फसवितात असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांचें वैगुण्य निराळें आहे. त्यांत दोनच पात्रें असतात, देव आणि ऐकणारा. बायको, मुलें, धनी, चाकर, शेजारी हें बाकीचें जग पडद्यामागें गेलेलें असतें. उलट, या विषयावरचे जे ग्रंथ शतकानुशतकें टिकले त्यांत एक तिसरें माणूस बहुधा आढळतें: एकाला आलेल्या हांकेचा भार ज्याच्यावर पडतो तें. त्या तिसऱ्या माणसाला ग्रंथांत किती जागा मिळाली आहे, यावरून त्या श्रवणाची खोली मोजतां येते, असें आमचें मत आहे. आणि तें कांहीं निवडक ग्रंथांच्या आधारें येथें मांडावयाचें आहे. वाणी खरोखर देवाची होती कीं नाहीं, या वादांत आम्ही पडत नाहीं. तो श्रद्धेचा प्रांत आहे. कथन मात्र आपल्या समोर आहे, आणि कथनाची पारख करणें हें टीकाकाराचें काम आहे.

आरंभ जुन्या करारांतील शमुवेलाच्या कथेपासून करावा हें योग्य. शिलो येथील मंदिरांत एली नांवाचा वृद्ध याजक आहे. त्याची दृष्टि मंदावली आहे, त्याचे पुत्र देवापुढचा बलिभाग लुबाडणारे व दुराचारी निघाले आहेत, आणि त्या काळीं देवाचें वचन लाभणें ही विरळ गोष्ट झाली होती, हें कथाकार प्रथमच सांगून ठेवतो. मंदिरांत सेवेस राहिलेल्या बाल शमुवेलाला रात्रीं कोणी तरी हांक मारतें. मुलगा उठून धांवतो तो एलीकडे. एली त्याला, आपण बोलाविलें नाहीं असें सांगून, परत निजावयास धाडतो. असें तीनदां घडतें. तिसऱ्या खेपेस म्हाताऱ्याच्या ध्यानांत काय तें येतें, आणि पुन्हां हांक आली तर काय उत्तर द्यावें हें तो मुलाला पढवितो.

अठराव्या शतकांत जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकारानें गुडघे टेकून हात जोडलेल्या बाल शमुवेलाचें एक चित्र काढलें, आणि त्याच्या प्रती पुढें असंख्य घरांच्या भिंतींवर लागल्या. चित्र गोड आहे. पण कथेचा कस जेथें लागावयाचा त्याच्या अलीकडेच तें थांबतें. कारण चौथ्या हांकेबरोबर जो निरोप येतो तो एलीच्या कुळाच्या नाशाचा आहे. ज्यानें ऐकावयास शिकविलें त्याच्याच विरुद्ध पहिली वाणी उमटते. मग कथाकार मोठ्या संयमानें लिहितो: मुलगा सकाळपर्यंत पडून राहिला, उठून त्यानें नेहमींप्रमाणें मंदिराचीं दारें उघडलीं, आणि एलीला सांगावयास तो भ्याला. त्या दारें उघडण्यांत त्याची सारी रात्र आपल्याला दिसते. पुढें एली त्याला शपथ घालून सर्व वदवून घेतो, आणि ऐकल्यावर देवाला जें बरें वाटेल तें तो करो, एवढेंच म्हणून गप्प बसतो. या कथेंत हांकेचा आवाज मेघगर्जनेसारखा नाहीं, घरांतल्या म्हाताऱ्याच्या आवाजासारखा आहे. म्हणूनच मुलगा फसला. तो ओळखण्यास दुसऱ्या माणसाचें साहाय्य लागलें. आणि ज्याचें साहाय्य लागलें त्यालाच त्याचें मोल द्यावें लागलें.

दुसरी कथा एलीया संदेष्ट्याची. राणीच्या भीतीनें अरण्यांत पळालेला, मरण मागणारा हा पुरुष होरेब पर्वतावरच्या एका गुहेंत राहिला आहे. त्याच्यापुढून प्रचंड वारा जातो, मग भूकंप होतो, मग अग्नि प्रकटतो. यांपैकीं कशांतही देव नव्हता, असें कथा सांगते. त्यानंतर जें येतें त्याला मूळ हिब्रूंत तीन शब्द आहेत: एकाचा अर्थ आवाज, दुसऱ्याचा स्तब्धता, तिसऱ्याचा बारीक किंवा विरळ. स्तब्धतेला आवाज कसा, ही अडचण भाषांतरकारांस सर्वत्र पडली आहे. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरानें ती विसंगति काढून टाकून तेथें एक शांत, मृदु आवाज बसविला. तो शब्दप्रयोग इंग्रजींत म्हणीसारखा रूढ झाला, आणि सदसद्विवेकबुद्धीचें तें एक नांवच होऊन बसलें. मूळांतील कोडें अधिक खडतर आहे. ऐकण्याजोगें कांहीं उरलें नाहीं, अशा ठिकाणीं ऐकूं आलेलें तें कांहीं तरी आहे.

परंतु या कथेची थोरवी आम्हांस पुढच्या भागांत वाटते, आणि तो भाग प्रवचनांतून सहसा गाळला जातो. त्या स्तब्धतेपूर्वीं एलीयाला, तूं येथें काय करीत आहेस, असा प्रश्न झाला होता. नंतरही तोच प्रश्न होतो. आणि एलीया दोन्ही वेळां अक्षरशः तेंच उत्तर देतो: सर्वांनीं देवाला सोडलें, मी एकटा उरलों आहें. एवढा साक्षात्कार झाला, तरी गाऱ्हाण्याचा एक शब्द बदलला नाहीं! मानवी स्वभावाचें इतकें निष्ठुर आणि इतकें सहृदय चित्र क्वचित् पाहावयास मिळतें. त्यावर वाद न घालतां वाणी त्याला कामास लावते: आलास त्या वाटेनें परत जा, अमक्यांना अभिषेक कर, तुझ्या जागीं दुसऱ्याला नेम. आणि जातां जातां कळवते, कीं अजून सात हजार लोक निष्ठावंत उरले आहेत. आपण एकटेच ऐकतों, हा ऐकणाऱ्याचा ठरीव अहंकार आहे. त्याला दिलेलें हें सात हजारांचें उत्तर आहे.

आतां आत्मवृत्ताकडे वळूं. या क्षेत्रांतला आद्य ग्रंथ म्हणजे ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’, अर्थात् कबुलीजबाब. ३८६ सालीं मिलान येथील एका बागेंत, ३१ वर्षांचा हा वक्तृत्वाचा अध्यापक आपल्याच दुबळेपणावर रडत असतां, शेजारच्या घरांतून एका मुलाचा कीं मुलीचा आवाज आला: घे आणि वाच, असा. त्यानें पौलाच्या पत्रांचें पुस्तक उचललें, जें पान उघडलें तें वाचलें, आणि त्याचें आयुष्य पालटलें. हें प्रकरण वर्गांत वाचलें म्हणजे विद्यार्थी आम्हांस हमखास विचारतात, कीं तो आवाज मुलाचा होता कीं देवदूताचा? ऑगस्टीन स्वतः त्या क्षणीं काय करतो हें पाहण्यासारखें आहे. मुलांच्या एखाद्या खेळांत असे शब्द असतात काय, हें तो आधीं आठवून पाहतो. तसा खेळ आठवत नाहीं, तेव्हांच तो त्या शब्दांना आज्ञा मानतो. म्हणजे लौकिक उलगडा त्यानें टाळला नाहीं. प्रथम तोच शोधला. शिवाय हा प्रसंग आठव्या भागांत येतो. आधींचे सात भाग त्याच्या विद्वत्तेचे, वासनांचे, आईच्या अश्रूंचे आणि खोट्या तत्त्वज्ञानांचे आहेत. त्या सात भागांनीं जो कान तयार केला, त्या कानाला पोराची आरोळीही पुरली.

तरी आमची कसोटी लावली तर या महाग्रंथांत एक उणें दिसतें. सुमारें पंधरा वर्षें जी स्त्री ऑगस्टीनबरोबर राहिली, जिच्यापासून त्याला मुलगा झाला, तिला त्यानें बागेंतील प्रसंगाच्या कांहीं काळ आधीं, कुलीन मुलीशीं विवाह ठरल्यावर, आफ्रिकेंत परत धाडलें. आपलें हृदय त्या वियोगानें फाटलें हें तो लिहितो. ती दुसऱ्या पुरुषाचें तोंड न पाहण्याचा निश्चय करून गेली, हेंही लिहितो. पण तिचें नांव लिहीत नाहीं. आईच्या दुःखाला पानेंच्या पानें देणाऱ्या लेखकानें हिच्यासाठीं कांहीं ओळी खर्च केल्या. ती अब्रू राखण्याची रीत असेल, लज्जाही असेल. वाचकाच्या कानांत मात्र ती निनांवी स्त्री राहून जाते, आणि ग्रंथ मिटल्यावरही तिचें पुढें काय झालें हें तो स्वतःला विचारीत राहतो.

ऐकण्याला शास्त्राचें रूप सोळाव्या शतकांत स्पेनमध्यें आलें. १५२१ सालीं पांप्लोना येथें तोफेच्या गोळ्यानें पाय मोडून इग्नेशियस लोयोला अंथरुणावर पडला. त्याला वाचावयास हव्या होत्या शूर सरदारांच्या कादंबऱ्या. घरांत मिळालीं तीं ख्रिस्ताचें चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो दोन प्रकारचीं दिवास्वप्नें पाही: कधीं एका थोर स्त्रीच्या सेवेंत पराक्रम गाजविण्याचीं, कधीं संतांसारखें तप करण्याचीं. दोन्ही रंगवितांना सारखींच गोड लागत. पण पहिलें ओसरल्यावर मन कोरडें पडे, दुसरें ओसरल्यावरही प्रसन्न राही. केवळ या एका निरीक्षणावर त्यानें पुढें आपली सारी विवेकपद्धति उभारली. गोडी मोजूं नये, गोडी गेल्यावर काय उरतें तें पाहावें, हें त्या पद्धतीचें बीज होय.

त्याच शतकांत आविला येथील तेरेसा या साध्वीनें १५७७ सालीं ‘अंतर्दुर्ग’ हा ग्रंथ लिहिला. त्या वेळीं तिचें आधींचें आत्मवृत्त धर्मन्यायपीठाच्या ताब्यांत होतें. म्हणजे ऐकलेल्या शब्दांविषयीं लिहिणें किती जोखमीचें आहे हें तिला पुरतें ठाऊक होतें. तिच्या दुर्गाच्या सहाव्या महालांत या शब्दांची परीक्षा आहे. देवाचा शब्द बोलतो तें घडवितो. भिऊं नको म्हणाला तर भीति खरोखर जाते. तो मागें शांति ठेवून जातो. तो स्मरणांतून पुसला जात नाहीं. पण या कसोट्या सांगण्यापूर्वीं ती जें सांगते तें अधिक मोलाचें आहे. ज्यांचें मन विषादानें ग्रासलें आहे त्यांना असे भास होतात. त्यांना आजारी समजून ममतेनें वागवावें, त्यांच्याशीं वाद घालून छळूं नये, आणि ऐकलेल्याला महत्त्व देऊं नका असें हळूच सांगावें. तिचा स्नेही व कवि योहान, क्रूसाचा योहान या नांवानें ओळखला जाणारा, हा याहूनही कडक आहे. एकाग्र झालेलें मन स्वतःशींच बोलतें, स्वतःलाच उत्तरें देतें, आणि उत्तर देणारा दुसरा कोणी आहे असें समजतें, हें त्यानें आधुनिक मानसशास्त्राच्या तीनशें वर्षें आधीं लिहून ठेविलें. हे दोघे देवाची वाणी मानणारे होते. आणि म्हणूनच तिच्याविषयीं इतके साशंक होते.

येथें कोणी म्हणेल, कीं मग प्रश्न सुटला. ऐकणाऱ्यानें ऐकावें आणि गुरूनें किंवा धर्मसंस्थेनें पारखावें. पारखणारेच बिघडले तर काय, याचा दाखला तेरेसाच्या आधीं दीडशें वर्षें फ्रान्सनें पाहिला होता. जोन ऑफ आर्क ही शेतकऱ्याची मुलगी तेरा वर्षांची असल्यापासून संतांचे आवाज ऐकत होती. त्यांच्या आज्ञेनें ती युद्धांत उतरली, पकडली गेली, आणि १४३१ सालीं रूआं येथें इंग्रजांच्या अमलाखालीं धर्मन्यायालयापुढें उभी राहिली. त्या खटल्याचें दप्तर शिल्लक आहे. आमच्या मतें तें ख्रिस्ती श्रवणवाङ्मयाचा एक मोठा ग्रंथ आहे, जरी तो ग्रंथ म्हणून कोणी लिहिला नाहीं. तुझ्यावर देवाची कृपा आहे काय, असा दुहेरी फांसाचा प्रश्न विद्वानांनीं विचारला. हो म्हटलें तर उद्दामपणा, नाहीं म्हटलें तर कबुली. निरक्षर मुलीनें उत्तर दिलें तें असें, कीं कृपा नसेल तर देव ती देवो, असेल तर ती राखो. मे महिन्यांत अग्नीच्या भयानें तिनें माघार घेतली, कांहीं दिवसांतच ती माघारही मागें घेतली, आणि ३० मे रोजीं तिला जाळण्यांत आलें. १४५६ सालीं तो निवाडा रद्द झाला; १९२० सालीं त्याच धर्मसंस्थेनें तिला संतपद दिलें. बर्नार्ड शॉच्या १९२३ च्या नाटकांत, हे आवाज तुझ्या कल्पनेंतून येतात, असें एक सरदार तिला म्हणतो. ती तें चटकन् मान्य करते, कारण देवाचे निरोप यावयाचे ते त्याच वाटेनें, असें तिचें म्हणणें. शॉ श्रद्धावंत नव्हता, पण या एका संवादांत त्यानें वादाची जागा बदलली: वाणी कोठून आली यापेक्षां ती माणसाला कोठें नेते, हा प्रश्न पुढें आला.

या प्रश्नाचें उत्तर ज्यांत अत्यंत साध्या शब्दांत सांपडतें असें एक पुस्तक अमेरिकेंत लिहिलें गेलें. जॉन वूलमन (१७२०–१७७२) हा न्यू जर्सीमधील क्वेकर पंथाचा गृहस्थ. त्याची रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर १७७४ सालीं छापली गेली. क्वेकरांच्या जुन्या उपासनेंत नेमलेला धर्मोपदेशक नसे, ठरलेलें स्तोत्र नसे; सर्वांनीं मिळून स्तब्ध बसावें, आणि ज्याला आंतून प्रेरणा होईल त्यानें बोलावें. अशा वातावरणांत वाढलेला वूलमन तरुणपणीं एका दुकानदाराकडे कामास होता. एके दिवशीं धन्यानें त्याला, आपल्या मालकीची एक निग्रो स्त्री विकली आहे, तिचें विक्रीखत लिहून दे, म्हणून सांगितलें. गिऱ्हाईक बाहेर थांबलें होतें. वूलमनच्या मनानें कच खाल्ली. पण धन्याची आज्ञा, आणि घेणारा आपल्याच पंथाचा वृद्ध सज्जन, म्हणून त्यानें खत लिहिलें. लिहितां लिहितां इतकी बेचैनी झाली, कीं गुलाम बाळगणें ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे असें त्यानें दोघांदेखत बोलून दाखविलें. पुढें दुसऱ्यानें असेंच खत मागितलें तेव्हां त्यानें साफ नकार दिला. मग आयुष्यभर तो घरोघर हिंडला, आणि गुलाम बाळगणाऱ्या आपल्या धर्मबंधूंशीं, आवाज न चढवितां, बोलत राहिला. १७५८ सालीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें या प्रथेविरुद्ध पाऊल उचललें. १७७६ सालीं गुलाम बाळगणाऱ्यास पंथांत स्थान नाहीं असें ठरलें. ऐकणें आणि मानणें यांतलें अंतर एका माणसाला एका नकारापुरतें, आणि समाजाला कांहीं दशकांचें, असें या पुस्तकांत दिसतें.

वूलमनची शैली म्हणजे धुतलेलें सुती वस्त्र. तींत रंग नाहीं. आपण त्या दिवशीं खत लिहून दिलें, हें तो लपवीत नाहीं, आणि त्याबद्दल छातीही बडवीत नाहीं. पण आमची कसोटी येथेंही टोंचते. बेचैनी त्याला झाली. विकली गेली ती ती स्त्री. खत पुरें झालें, आणि ती नव्या धन्याच्या घरीं गेली. तिचें नांव रोजनिशींत नाहीं. ऑगस्टीनच्या त्या सहचरीप्रमाणें हीही निनांवी. एवढा हळवा कान असलेला माणूस, पण त्याच्या पुस्तकांतही ती आपल्या तोंडानें एक शब्द बोलत नाहीं.

ज्याच्यावर दुसऱ्याच्या हांकेचा घाला पडला त्यानें स्वतः लेखणी हातीं धरली, असें पुस्तक फार थोड्या भाषांत असेल. मराठींत तें आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना १८९३ सालीं आगगाडींत एक अनोळखी गोरा सहप्रवासी भेटला. त्यानें त्यांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाजूनें पाहिलें तर ही ऑगस्टीनच्या जातीची कथा आहे: अनोळखी आवाज, उघडलेलें पुस्तक, पालटलेलें आयुष्य. तेवढीच लिहिली गेली असती तर ती एका भक्तकवीची सुंदर पूर्वपीठिका ठरली असती. पण लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं, आणि त्याच घटनेची दुसरी बाजू महाराष्ट्रानें वाचली. ज्या बायकोचा नवरा जिवंत असून समाजाच्या दृष्टीनें हरवला, जिच्या पदरीं लहान मूल, जिला नातलग एकीकडे ओढतात आणि नवऱ्याचीं पत्रें दुसरीकडे, तिचा तो वृत्तांत आहे.

या वृत्तांताचें वैशिष्ट्य असें, कीं तो फिर्याद नाहीं आणि आरतीही नाहीं. टिळकांचा तापट स्वभाव, हातीं आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळें होण्याची त्यांची खोड, मनांत येतांच उठून चालूं लागणें, हें सारें लक्ष्मीबाई हंसत हंसत सांगतात. आणि त्या हंसण्यांत त्या माणसाचें मोठेपण अधिकच उजळतें. कांहीं वर्षांच्या वियोगानंतर त्या पतीजवळ आल्या. तरी आपली चूल आणि आपलें सोवळें त्यांनीं आरंभीं सोडलें नाहीं. १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण तेथें पोंचण्यापूर्वीं त्यांना आकाशवाणी झाली नाहीं, बागेंतून आवाज आला नाहीं. त्यांचें मन वळलें तें एका साध्या प्रश्नावर: जातिभेद देवानें केला कीं माणसांनीं? त्यांनीं तो स्वतःलाच विचारला, स्वतःच्याच बुद्धीनें सोडविला, आणि उत्तर मिळतांच जेवणापाण्याचा विटाळ टाकून दिला. शाळेंत न गेलेल्या या स्त्रीनें तेरेसाची कसोटी नकळत पार पाडली: शब्द पटला आणि कृति घडली, मध्यें वेळ गेला नाहीं. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासाचा मार्ग धरला, तेव्हां नव्या हांकेचा भार पुन्हां घरावर आला. तोही लक्ष्मीबाईंनीं तितक्याच उघड्या डोळ्यांनीं पाहिला आणि लिहिला. टिळकांच्या भक्तिकवितेंतील आर्तता खरी आहे. पण ‘स्मृतिचित्रें’ वाचल्यावांचून त्या आर्ततेची किंमत कोणी मोजली हें कळत नाहीं. पतीनें ऐकलें तें देवाचें, आणि पत्नीनें ऐकलें तें माणसांचें, असा भेद येथें करतां येत नाहीं. दोघांच्या ऐकण्यानें मिळून एक घर झालें.

आमच्या या कसोटीवर एक आक्षेप संभवतो. ही नीतीची कसोटी झाली, वाङ्मयाची नव्हे. ग्रंथाचें सौंदर्य निराळें आणि लेखकाचें शेजाऱ्याशीं वागणें निराळें, असें कोणी म्हणेल. सामान्यतः हें खरें आहे. निसर्गाच्या कवितेला कोणी असा जाब विचारीत नाहीं. पण जो लेखक, मला देवानें सांगितलें, या वाक्यानें आपल्या कृतीचें समर्थन करतो, त्यानें जगांतील सर्वांत मोठा अधिकार आपल्या पानावर आणलेला असतो. त्या अधिकारापुढें वाचक निरुत्तर होतो. मग त्या पानावर दुसऱ्या कोणाचा आवाज शिल्लक आहे काय, हें पाहणें हा कलेचाच प्रश्न होतो. कारण तो आवाज नसेल तर कथनांत ताण उरत नाहीं, आणि उरतें तें केवळ प्रमाणपत्र. पायऱ्यांचीं पुस्तकें नीरस वाटतात त्याचें कारण हेंच आहे. त्यांतला देव कोणाला कधीं अडचणींत टाकीत नाहीं, आणि ऐकणाऱ्याच्या निर्णयानें कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेलें दिसत नाहीं.

याचा अर्थ असा नव्हे, कीं ज्या हांकेनें कोणाला दुःख झालें ती खोटी. तसें म्हटलें तर शमुवेलानें गप्प बसावयास हवें होतें, आणि टिळकांनीं तें पुस्तक गाडींतच ठेवून उतरावयास हवें होतें. आमचें म्हणणें इतकेंच, कीं ऐकणाऱ्यानें त्या दुःखाकडे पाठ फिरवूं नये. तें ऐकणें हाही त्याच श्रवणाचा भाग आहे. या दृष्टीनें शिलोच्या त्या रात्रीं ऐकणारे एकटे शमुवेल नव्हते. मुलानें अंधारांत आपलें नांव ऐकलें, त्याला फारसें धैर्य लागलें नाहीं. सकाळीं, दारें उघडल्यावर, म्हाताऱ्यानें मुलाला जवळ बोलाविलें, कांहीं लपवूं नको म्हणून बजाविलें, आणि आपल्या घराचा नाश आपणच शिकविलेल्या मुलाच्या तोंडून शेवटपर्यंत ऐकून घेतला. त्या कथेंतील मोठें श्रवण तें.